सहा ऑस्कर, ६५ कोटींच्या वर गल्ला आणि तरीही सिनेमा ‘तोट्यात’! हॉलीवूडचा हिशोब नेमका चालतो तरी कसा?

१९९४ साली ‘फॉरेस्ट गम्प’ आला. बसस्टॉपच्या बाकड्यावर बसून टॉम हँक्स अनोळखी माणसांना आपली जन्मकथा ऐकवतो, तो सिनेमा. आमिर खानचा ‘लाल सिंग चड्ढा’ ज्याच्यावरून काढला, तोच. बनवायला साधारण साडेपाच कोटी डॉलर लागले आणि जगभरातून गल्ला आला ६५ कोटी डॉलरच्या वर. शिवाय सहा ऑस्कर.

हा सिनेमा ज्या कादंबरीवर बेतला होता, तिचा लेखक होता विन्स्टन ग्रूम. त्याच्या करारात दोन गोष्टी होत्या. साडेतीन लाख डॉलर रोख आणि निव्वळ नफ्यातले तीन टक्के. आता साडेपाच कोटीत बनलेला सिनेमा ६५ कोटींच्या वर गेला, तर तीन टक्क्यांचे किती होतील हे पाचवीतलं पोरगंही बोटांवर मोजून सांगेल.

पण पॅरामाउंट स्टुडिओने मांडलेल्या हिशोबात सिनेमा तब्बल ६.२ कोटी डॉलर तोट्यात होता. नफाच नाही म्हटल्यावर तीन टक्के कशाचे देणार?

गंमत म्हणजे त्याच सिनेमातून टॉम हँक्स आणि दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिस यांनी कोट्यवधी डॉलर कमावले. म्हणजे पैसा आला होता. तो ग्रूमच्या ताटापर्यंत पोहोचायच्या आत संपला, एवढंच.

ऐकताना वाटतं की हा सरळसरळ झोल आहे. पण यातलं बरंचसं कायद्याच्या चौकटीत बसतं आणि करारात आधीच छापलेलं असतं. ‘निव्वळ नफा’ या दोन शब्दांचा अर्थ आपण घरात लावतो तो वेगळा आणि हॉलीवूडच्या करारात असतो तो वेगळा. तो अर्थ लावायचा अधिकार कुणाकडे, यावरून तिथं शंभर वर्षं भांडण चालू आहे.

आधी हा तोटा तयार कसा होतो ते बघू.

समजा एका सिनेमाला १० कोटी डॉलर खर्च आला आणि तिकीटबारीवर ४० कोटी जमले. आकडे समजण्यापुरते घेतलेत, पण पद्धत खरी आहे.

४० कोटींतले साधारण निम्मे थिएटरवाले ठेवतात. स्टुडिओकडे आले २० कोटी. आता हाच स्टुडिओ सिनेमाचा वितरकसुद्धा असतो. त्यामुळे तो पहिल्यांदा स्वतःची वितरण फी कापून घेतो, साधारण ३० टक्के. म्हणजे ६ कोटी गेले. जाहिरातीवर ६ कोटी खर्च झालेत, ते वजा. त्या जाहिरातीच्या खर्चावर ‘कार्यालयीन खर्च’ म्हणून आणखी १० टक्के, म्हणजे ६० लाख. ज्या मोठ्या स्टारने नफ्यात नव्हे तर थेट जमेत हिस्सा मागून घेतलाय, त्याचे १० टक्के म्हणजे २ कोटी. मग सिनेमा बनवायचा खर्च १० कोटी. त्यावर पुन्हा १५ टक्के कार्यालयीन खर्च, म्हणजे दीड कोटी. शिवाय स्टुडिओने पैसे गुंतवले म्हणून त्यावर व्याज, धरा १ कोटी.

बेरीज केली तर खर्च होतो २७ कोटी १० लाख आणि जमा फक्त २० कोटी. सिनेमा ७ कोटी १० लाख तोट्यात!

आता हाच हिशोब स्टुडिओच्या तिजोरीच्या बाजूने बघा. आत आले २० कोटी. बाहेर गेले बनवायचे १०, जाहिरातीचे ६ आणि स्टारचे २. हातात राहिले २ कोटी. मधली फी, टक्के, व्याज हे सगळं स्टुडिओने स्वतःच स्वतःला दिलंय. एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घातलं आणि पहिला खिसा रिकामा झाला म्हणून दाखवला. (कार्यालय चालवायला आणि पैसा उभा करायला थोडा खर्च खरंच येतो. वाद आहे तो किती लावायचा याचा.)

हे सोपं जावं म्हणून बऱ्याचदा एकेका सिनेमासाठी वेगळी कंपनीच काढली जाते. ती कंपनी कागदावर कायम कर्जात असते.

‘हॅरी पॉटर’ मालिकेतल्या पाचव्या सिनेमाचा असाच एक हिशोब २०१० साली फुटला आणि इंटरनेटवर फिरला. जगभरात ९३ कोटी डॉलरच्या वर गल्ला आणि कागदावर तोटा १६.७ कोटी. त्यात वॉर्नर ब्रदर्सने लावलेली वितरण फीच २१ कोटी डॉलरच्या आसपास होती. व्याज ६ कोटींच्या घरात. हॅरी पॉटरच्या जादूपेक्षा ही जादू भारी होती, असं म्हणायला हरकत नाही.

स्टुडिओला हे सगळं करता येतं, कारण सिनेमा आणि प्रेक्षक यांच्यामधला रस्ता त्याच्या ताब्यात आहे आणि टोलनाकाही त्याचाच. हा रस्ता त्याच्या हातात आला कसा, हे बघायला थेट १९०५ सालात जावं लागतं.

तेव्हा पिट्सबर्ग शहरात एक छोटंसं थिएटर सुरू झालं. तिकीट पाच सेंट. अमेरिकेत पाच सेंटच्या नाण्याला निकेल म्हणतात, म्हणून नाव पडलं ‘निकेलोडियन’. बघता बघता गल्लोगल्ली तशीच थिएटरं उभी राहिली. कामगार, इंग्रजी न येणारे स्थलांतरित, बायका, पोरं, सगळे तिथं जायला लागले. मूकपटच ते, भाषा कुणाला हवी होती!

धंदा वाढतोय म्हटल्यावर त्यावर मालकी सांगायला थॉमस एडिसन आला. हो, विजेच्या दिव्याचा तोच एडिसन. कॅमेरा आणि प्रोजेक्टरची पेटंटं ज्यांच्याकडे होती त्या कंपन्यांना एकत्र करून त्याने १९०८ च्या अखेरीस एक संघ उभा केला. सिनेमा बनवायचा तर यांचा परवाना हवा. दाखवायचा तरी यांचाच परवाना हवा, आणि त्यासाठी थिएटरवाल्याने आठवड्याला दोन डॉलर भरायचे. कोरी फिल्म बनवणारी ईस्टमन कोडॅक कंपनीही सुरुवातीला याच संघाबरोबर होती.

याच्याविरुद्ध उभे राहिले ते बहुतेक सगळे युरोपातून आलेले ज्यू स्थलांतरित होते आणि त्यांचा सिनेमाशी काडीचा संबंध नव्हता. कार्ल लेम्ली कपड्यांच्या दुकानात मॅनेजर होता. ॲडॉल्फ झुकोर फर विकायचा. लुई मेयर आपल्या वडिलांच्या भंगाराच्या धंद्यातून पुढं आलेला. यांना एक गोष्ट पक्की कळत होती. ग्राहकाला काय हवंय आणि तो त्यासाठी किती मोजेल. लेम्लीने एडिसनच्या संघाशी वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले. १९१५ साली कोर्टाने हा संघ बेकायदेशीर ठरवला.

एडिसनच्या वकिलांपासून लांब पळायचं म्हणून ही मंडळी कॅलिफोर्नियात गेली, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते. त्यात तथ्य आहे, पण ते सगळं कारण नाही. तिथं वर्षभर ऊन होतं, जमीन स्वस्त होती, मजुरी कमी होती. समुद्र, डोंगर आणि वाळवंट तिन्ही जवळ. हॉलीवूड भागातला पहिला स्टुडिओ १९११ साली सुरू झाला.

एडिसनची मक्तेदारी मोडली. आणि मोडणाऱ्यांनी लगेच स्वतःची उभी केली.

यात सगळ्यात हुशार निघाला झुकोर. त्याच्याकडे मेरी पिकफर्ड होती. तेव्हा तिच्या नावावर थिएटरं भरायची. झुकोरची कंपनी थिएटरवाल्यांना सांगायची की पिकफर्डचा सिनेमा हवा असेल तर आमचे बाकीचेही सिनेमे गठ्ठ्याने घ्या. साखर हवी तर सोबत न खपणारा साबण घ्यायलाच लागेल, असं सांगणाऱ्या दुकानदारासारखा हा प्रकार. पुष्कळदा तर ते सिनेमे बनलेलेही नसायचे.

थिएटरवाले वैतागले. १९१७ मध्ये त्यांनी एकत्र येऊन ‘फर्स्ट नॅशनल’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि थेट चार्ली चॅप्लिनशी, पिकफर्डशी करार केले. यावर झुकोरने काय केलं? त्याने थिएटरंच विकत घ्यायला सुरुवात केली.

तिथून पुढे हॉलीवूडचा खरा पैसा कॅमेऱ्यात नव्हता, खुर्च्यांत होता. एमजीएम हे नाव घेतलं की आपल्याला डरकाळी फोडणारा सिंह आठवतो. पण एमजीएमची मालक होती न्यूयॉर्कमधली लोज नावाची थिएटर कंपनी. तिला आपल्या थिएटरांसाठी सिनेमांचा पुरवठा हवा होता म्हणून तिने स्टुडिओ पाळला होता. मुंबईत धोबी तलावला उभं असलेलं मेट्रो हे याच साम्राज्याचं एक टोक. मेट्रो-गोल्डविन-मेयरने ते १९३८ साली स्वतःचे सिनेमे दाखवायला बांधलं, म्हणून त्याचं नाव मेट्रो. आज तिथं जाणाऱ्या किती जणांना हे माहीत असतं, देव जाणे.

त्या काळात पाच मोठ्या कंपन्या होत्या. पॅरामाउंट, एमजीएम, वॉर्नर, ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्स आणि आरकेओ. सिनेमा बनवायच्या याच, वितरण करायच्या याच आणि थिएटरही यांचंच. अमेरिकेतल्या एकूण थिएटरांपैकी त्यांच्याकडे फक्त १७ टक्के होती. आकडा छोटा वाटतो ना? पण एक लाखाच्या वर वस्ती असलेल्या ९२ शहरांत, जिथं नवा सिनेमा पहिल्यांदा लागायचा त्या थिएटरांपैकी किमान ७० टक्के यांच्याशी जोडलेली होती. मोक्याच्या जागा सगळ्या यांच्या. बाहेरच्या कुणी उत्तम सिनेमा काढला तरी तो लावायचा कुठं, हे या पाच जणांना विचारावं लागायचं.

कलाकारांची अवस्था काय होती? पगारी नोकर. सात वर्षांचा करार, मिळेल ती भूमिका करायची. नाही म्हटलं की बिनपगारी घरी बसवायचे आणि ते घरी बसलेले दिवस करारात वाढवायचे. म्हणजे सात वर्षांचे आठ, नऊ, कितीही होऊ शकत होते.

ऑलिव्हिया डी हॅविलँड ही ‘गॉन विथ द विंड’मधली अभिनेत्री. तिची सात वर्षं संपली तेव्हा वॉर्नरने असेच वाढीव महिने पुढे केले. ती कोर्टात गेली. त्या काळात बड्या स्टुडिओविरुद्ध कोर्टात जाणं म्हणजे स्वतःच्या करिअरवर धोंडा घालून घेणं होतं. खटला चालू असेपर्यंत तिला जवळपास कुणी कामच दिलं नाही. पण १९४४ च्या डिसेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील कोर्टाने निकाल दिला की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. आजही तो नियम तिच्याच नावाने ओळखला जातो. त्यानंतर तिने दोन वेळा सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचं ऑस्कर घेतलं, हेही सांगायला हवं.

मग आलं ३ मे १९४८. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पॅरामाउंट खटल्याचा निकाल दिला. सरकारने दहा वर्षांपूर्वी, १९३८ साली ही केस टाकली होती. कोर्टाने सिनेमे गठ्ठ्याने गळ्यात मारायची पद्धत बेकायदेशीर ठरवली आणि त्यानंतरच्या काही वर्षांत पाचही कंपन्यांना आपापली थिएटरं वेगळी करावी लागली.

वेळही अशी आली की नेमका तेव्हाच टीव्ही घरात घुसला. १९४६ मध्ये अमेरिकेत आठवड्याला ८ कोटींच्या वर तिकिटं विकली जात होती. लोकसंख्या होती १४ कोटींच्या आसपास! पुढच्या दहा वर्षांत हा आकडा जवळपास निम्म्यावर आला. आरकेओ तर १९५७ पर्यंत संपलीच.

एवढं सगळं होऊनही स्टुडिओ टिकले. कारण कोर्टाने थिएटरं काढून घेतली, पण वितरण त्यांच्याकडेच राहिलं. नीट विचार केला तर हा सौदा वाईट नव्हता. थिएटरची इमारत, झाडलोट, वीजबिल, रिकाम्या खुर्च्या ही डोकेदुखी दुसऱ्याची आणि येणाऱ्या प्रत्येक तिकिटात हिस्सा आपला. मोठा सिनेमा असला तर पहिल्या आठवड्यांत वितरक निम्म्याहून जास्त वाटा घेतो. थिएटरवाला मग जगतो कशावर? पॉपकॉर्नवर. त्याच्या पैशात कुणी वाटेकरी नसतो, म्हणूनच तो इतका महाग मिळतो.

दुसरा बदल झाला तो कलाकारांच्या बाजूने. दरमहा पगार देणं परवडेना, म्हणून स्टुडिओंनी माणसं मोकळी केली. आणि मोकळ्या झालेल्या माणसांसाठी भांडायला एजंट आले.

१९५० सालचा ‘विंचेस्टर ७३’ हा वेस्टर्न सिनेमा. युनिव्हर्सलला जेम्स स्ट्युअर्ट हवा होता, पण त्याचं मानधन देण्याइतका पैसा नव्हता. स्ट्युअर्टचा एजंट ल्यू वॉसरमन म्हणाला, मानधन राहू दे, नफ्यात हिस्सा द्या. सिनेमा चालला आणि स्ट्युअर्टला नेहमीच्या मानधनाच्या कितीतरी पट पैसे मिळाले. बाकीच्या स्टारांचे डोळे उघडले. पुढे याच वॉसरमनची कंपनी एवढी वाढली की १९६२ साली तिने युनिव्हर्सल स्टुडिओच ताब्यात घेतला. ज्याने मालकाकडून हिस्सा काढून घ्यायला शिकवलं, तोच मालक झाला.

स्टुडिओही शिकले. हिस्सा द्यायचाच असेल तर ‘नफा’ या शब्दाची व्याख्या आपण लिहायची. मग करार पानापानांनी वाढत गेले आणि दोन प्रकारचे भागीदार तयार झाले. ज्याच्या नावावर तिकिटं खपतात तो थेट जमेतला हिस्सा मागतो. त्याला खर्चाशी देणंघेणं नसतं. बाकीच्यांना निव्वळ नफ्यातला हिस्सा मिळतो, म्हणजे बहुतेक वेळा नुसता कागद. हँक्स आणि झेमेकिस पहिल्या रांगेत होते. ग्रूम दुसऱ्या.

जॉर्ज लुकासने तिसराच मार्ग काढला. ‘स्टार वॉर्स’साठी दिग्दर्शक म्हणून त्याने घेतले फक्त दीड लाख डॉलर. बदल्यात खेळण्यांचे, वस्तूंचे आणि पुढच्या भागांचे हक्क मागून घेतले. फॉक्सला ते किरकोळ वाटले. १९७७ च्या नाताळात खेळणी एवढी मागितली गेली की कंपनीकडे मालच नव्हता. तिने चक्क रिकामे खोके विकले. आत एक प्रमाणपत्र, की खेळणी नंतर पोस्टाने येतील. २०१२ मध्ये लुकासची कंपनी डिस्नेने ४०५ कोटी डॉलरला घेतली.

पण लुकास एखादाच. सामान्य लेखकाने हिशोब मागितला तर काय होतं, ते आर्ट बुकवाल्डच्या खटल्यात जगाला दिसलं.

बुकवाल्ड हा अमेरिकेतला गाजलेला विनोदी स्तंभलेखक. त्याने पॅरामाउंटला काही पानांची एक कल्पना विकली होती. एक आफ्रिकन राजा अमेरिकेत येतो आणि तिथं अडकतो. १९८८ साली पॅरामाउंटचा ‘कमिंग टू अमेरिका’ आला, एडी मर्फीचा. आफ्रिकन राजपुत्र अमेरिकेत येतो. बुकवाल्डचं नाव कुठंच नव्हतं. तो आणि त्याचा निर्माता मित्र ॲलन बर्नहाइम कोर्टात गेले. जानेवारी १९९० मध्ये कोर्टाने मान्य केलं की सिनेमा बुकवाल्डच्या कल्पनेवर आधारित आहे. आता करारातला नफ्याचा हिस्सा द्या.

पॅरामाउंटने वह्या उघडल्या. स्टुडिओकडे साडेबारा कोटी डॉलर आले होते. आणि सिनेमा १.८ कोटी डॉलर तोट्यात होता.

खटल्याचा दुसरा अंक इथं सुरू झाला आणि तोच जास्त रंगला. स्टुडिओचा नेहमीचा बचाव असतो की सिनेमाचा धंदा जुगार आहे. दहातले बरेच आपटतात, त्यांचा तोटा चालणाऱ्या सिनेमातून भरून काढावा लागतो, म्हणून करार कडक असतात. युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. सगळा पैसा स्टुडिओचा असतो आणि सिनेमा पडला तर लेखकाला कुणी पैसे परत मागत नाही. पण कोर्ट म्हणालं, ठीक आहे, मग तुमच्या सगळ्या धंद्याच्या वह्या तपासू. त्यावर पॅरामाउंटने हा बचावच मागे घेतला! जुगारात खरंच किती हरतो, हे दाखवायला कंपनी तयार नव्हती.

डिसेंबर १९९० मध्ये न्यायाधीश हार्वी श्नायडर यांनी निव्वळ नफ्याच्या सूत्रातली अनेक कलमं अन्यायकारक म्हणून रद्द केली. प्रत्यक्ष खर्चाशी संबंध नसलेले १५ टक्के आणि १० टक्के, कार्यालयीन खर्चावर व्याज, असली सगळी. पुढे १९९२ साली दोघांना मिळून ९ लाख डॉलर द्यायचा निकाल झाला. वकिलांवर त्याहून जास्त खर्च झाला होता. १९९५ मध्ये प्रकरण आपसात मिटलं, त्यामुळे वरच्या कोर्टाचा निकाल काही झाला नाही आणि बाकीच्या स्टुडिओंचे करार होते तसेच राहिले. तडजोडीचा हा फायदा स्टुडिओंना पक्का माहीत असतो. ग्रूमचं प्रकरणही कोर्टात न जाता पुढच्या पुस्तकाचे हक्क विकत घेऊन मिटवलं गेलं.

हे झालं नावाजलेल्या माणसांचं. हॉलीवूडमध्ये हजारो लेखक आणि नट असे आहेत, ज्यांना नफ्यात हिस्सा कुणी देऊच करत नाही. वर्षातले काही महिने काम, बाकी वेळ शोधाशोध. त्यांना तारून नेते ती ‘रेसिड्युअल’ नावाची रक्कम. तुमचं काम पुन्हा कुठं दाखवलं गेलं की त्याचे थोडे पैसे तुम्हाला. मधल्या रिकाम्या महिन्यांचं घरभाडं त्यातून निघतं. संघटनेच्या आरोग्य विम्याला पात्र ठरायलासुद्धा वर्षभरात ठरावीक कमाई दाखवावी लागते, आणि काहींच्या बाबतीत ही रक्कमच त्यांना त्या रेषेच्या वर ठेवते.

सिनेमांसाठी ही पद्धत भांडून मिळवली गेली १९६० साली. स्टुडिओ आपले जुने सिनेमे टीव्हीला विकून पैसे कमावत होते आणि त्यात काम केलेल्यांना छदामही मिळत नव्हता. लेखक आणि नट एकाच वेळी संपावर गेले. नटांच्या संघटनेचा अध्यक्ष होता रोनाल्ड रेगन. हो, पुढे अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झालेला, आणि संपकऱ्यांशी कठोर वागलेला, तोच! तडजोड अशी झाली की १९६० पासूनच्या सिनेमांना टीव्हीचे पैसे मिळतील. त्याआधीच्या सिनेमांसाठी स्टुडिओंनी पेन्शन आणि आरोग्य निधीत साडेबावीस लाख डॉलर टाकले आणि विषय संपवला. ज्यांचं सगळं उमेदीचं काम १९६० च्या आधीचं होतं, त्यांनी रेगनला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

प्रेक्षकापर्यंत जाणारा नवा रस्ता उघडला की हेच नाटक पुन्हा होतं. व्हिडिओ कॅसेट आली तेव्हा युनिव्हर्सल आणि डिस्ने सोनीविरुद्ध कोर्टात गेले, की घरात रेकॉर्डिंग होऊ लागलं तर आमचा धंदा बुडेल. १९८४ मध्ये सुप्रीम कोर्टात ५ विरुद्ध ४ मतांनी ते हरले. आणि नशीब बघा, पुढची वीसेक वर्षं याच कॅसेट आणि डीव्हीडीने त्यांना थिएटरपेक्षा जास्त पैसा दिला. पण १९८५ च्या करारात लेखकांचा हिस्सा मोजताना विक्रीच्या फक्त २० टक्के रक्कम धरायची असं ठरलं, कारण काय तर कॅसेट बनवायला खर्च फार येतो. पुढे डीव्हीडी कवडीमोलात बनायला लागली तरी सूत्र तेच. लेखकाला एका डीव्हीडीमागे मिळायचे चार-पाच सेंट.

आणि मग आलं स्ट्रीमिंग.

तिकिटाचा आकडा सगळ्यांना दिसतो. डीव्हीडी किती खपल्या तेही कळतं. पण नेटफ्लिक्सवर तुमची मालिका किती लोकांनी बघितली, हे बरीच वर्षं फक्त नेटफ्लिक्सलाच माहीत असायचं. इथं तिकीटबारीच नाही, महिन्याची वर्गणी आहे. त्यातला कोणता रुपया कोणत्या मालिकेमुळे आला, सांगा बघू. सिनेमा जगभर डोक्यावर घेतला गेला काय आणि कुणी फिरकलं नाही काय, लेखकाच्या हातात पडणारी ठरावीक रक्कम तेव्हा तीच असायची.

हा पेच मोठ्या स्टारांनाही चुकला नाही. २०२१ मध्ये डिस्नेने ‘ब्लॅक विडो’ थिएटरमध्ये लावला, त्याच दिवशी आपल्या ॲपवरही ३० डॉलरला उपलब्ध केला. स्कार्लेट जोहान्सनचा हिस्सा थिएटरच्या गल्ल्याशी बांधलेला होता. तिने केस टाकली. दोन महिन्यांत तडजोड झाली, रक्कम गुलदस्त्यात.

२ मे २०२३ रोजी लेखक संपावर गेले. १४ जुलैला नटही गेले. लंडनमध्ये ‘ओपनहायमर’चा प्रीमियर चालू असताना कलाकार मधूनच निघून गेले, ते याच संपासाठी. दोन्ही संघटना एकत्र संपावर जाण्याची १९६० नंतरची ही पहिली वेळ. लेखकांचा संप १४८ दिवस चालला आणि नटांचा ११८. या काळात पगार बंद होता तो फक्त त्यांचाच नाही. कॅमेऱ्याला हात लावणारे, सेट रंगवणारे, कपडे शिवणारे, सेटवर जेवण पुरवणारे, सगळेच घरी बसले होते, आणि त्यांच्या मागण्यांचा तर यात संबंधही नव्हता.

संप चालू असताना आणखी एक गोष्ट बदलून गेली होती, तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष नव्हतं. १९४८ च्या खटल्यातून आलेली बंधनं ऑगस्ट २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या एका कोर्टाने सरकारच्याच विनंतीवरून उठवली. म्हणणं असं की काळ बदलला, आता मोठ्या शहरात एका पडद्याचं थिएटर राहिलंच कुठं. जून २०२४ मध्ये सोनी पिक्चर्सने अलामो ड्राफ्टहाऊस ही थिएटरांची साखळी विकत घेतली. नेटफ्लिक्सने तर त्याआधीच हॉलीवूडमधलं जुनं इजिप्शियन थिएटर घेतलं होतं. आणि थिएटर घेतलं नाही तरी काय बिघडतं? सिनेमा बनवणारा तोच, वितरक तोच आणि ज्या ॲपवर तो लागतो ते ॲपही त्याचंच. १९३८ साली सरकारने ज्याच्याविरुद्ध केस टाकली होती, ते याहून वेगळं काय होतं?

२०२३ च्या करारात लेखकांना बऱ्याच गोष्टी मिळाल्या. सेवेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांपैकी किमान २० टक्के लोकांइतकं प्रेक्षण पहिल्या ९० दिवसांत झालं, तर बोनस. एआयने लिहिलेला मजकूर पुढे करून लेखकाचं श्रेय आणि मानधन कापता येणार नाही. आणि मोठ्या बजेटच्या स्ट्रीमिंग सिनेमा-मालिका एकूण किती तास बघितल्या गेल्या, तो आकडा कंपन्यांनी लेखकांच्या संघटनेला द्यायचा.

तो आकडा संघटनेला मिळतो, पण गोपनीयतेच्या अटीवर. आणि हा करार झाला होता तो १ मे २०२६ पर्यंतचा.